यकृताचं रक्त थांबतं, पुन्हा वाहू लागतं. तेव्हा लोहाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारच्या वाचकांकडून येत राहतात. परीक्षा तोंडावर आलेले विद्यार्थी, यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर फेरिटिनचा (लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा) रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नातेवाईक, आणि हेप्सिडिन हे नाव कुठेतरी वाचून कुतूहल चाळवलेले लोक. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे मुद्दा दुसरीकडे आला आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषध घ्यायचं की थांबवायचं हे मात्र इथलं वाचून ठरवू नका, ते पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. लोह रक्तात असतं. मग त्यात यकृताचा काय संबंध?

प्रौढ माणसाच्या अंगात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमोग्लोबिनमध्ये अडकलेला असतो आणि उरलेल्याचा सर्वांत मोठा साठा यकृतात. अन्नातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह आत येतं. पण जुन्या तांबड्या पेशी मोडून जे परत मिळतं ते २० ते २५ मिलिग्रॅम. हे मोडकामाचं खातं प्लीहेकडे आणि यकृतातल्या कुप्फर पेशींकडे (जुन्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पेशींकडे) असतं.

यकृत कोठार सांभाळतं, लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन बनवतं आणि लोहावर हुकूम चालवणारं हेप्सिडिन हे संप्रेरकही तेच सोडतं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. त्यामुळे सगळा कारभार दार उघडण्या-बंद करण्यावर चालतो.

२. हेप्सिडिन हे हार्मोन कसं? हार्मोन तर ग्रंथी बनवतात ना?

यकृतही ग्रंथीच आहे, शरीरातली सर्वांत मोठी. हेप्सिडिन यकृतपेशींत ८४ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात तयार होतं आणि कापलं जाऊन २५ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा रक्तात उतरतो. गंमत अशी की ते सापडलं ते जंतू मारणारं प्रथिन म्हणून, २०००-२००१ च्या सुमारास. नावातही यकृत आणि जंतुनाश हे दोन्ही शब्द दडले आहेत. त्याचा लोहाशी संबंध २००१ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसला, आणि ते काम कसं करतं हे २००४ मध्ये उलगडलं.

पेशीतून लोह बाहेर पडायला एकच ज्ञात दार आहे, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन या दाराला चिकटतं, मग पेशी ते दार आत ओढून मोडून टाकते. म्हणजे हेप्सिडिन वाढलं की आतडं, कुप्फर पेशी आणि काही प्रमाणात यकृतपेशी यांच्यातलं लोह आतच कोंडतं आणि रक्तातलं कमी होतं. हेप्सिडिन घटलं की उलट.

३. हेप्सिडिन कशाने वाढतं, कशाने घटतं?

वाढवणारी मोठी कारणं दोन. पहिलं, लोहाचा साठा भरणं. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बीएमपी-६ नावाचा निरोप सोडतात आणि यकृतपेशी तो स्मॅड प्रथिनांमार्फत जनुकापर्यंत पोचवतात. दुसरं, दाह. दाहात वाढणारं इंटरल्युकिन-६ स्टॅट-३ च्या वाटेने तेच जनुक चेतवतं.

घटवणारी कारणं म्हणजे लोहाची कमतरता, ऑक्सिजनची कमतरता, टेस्टोस्टेरॉन, आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची घाई. या घाईचा निरोप एरिथ्रोफेरॉन हे संप्रेरक आणतं, जे २०१४ मध्ये सापडलं. एरिथ्रोपॉयटिन (तांबड्या पेशी वाढवायला सांगणारं संप्रेरक) वाढलं की मज्जेतल्या कोवळ्या पेशी ते सोडतात आणि ते बीएमपी-६ लाच पकडून ठेवतं.

आता पाहा, रक्त थांबलं की ऑक्सिजन घटतो, म्हणजे हुकूम ‘घटव’. रक्त परत आलं की दाह होतो, म्हणजे हुकूम ‘वाढव’. या विषयातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. पुढे प्रश्न ८ पाहा.

४. यकृताचं रक्त थांबण्याची वेळ कधी येते?

यकृताचा तुकडा काढताना रक्तस्राव आवरण्यासाठी सर्जन यकृताची धमनी आणि पोर्टल शीर (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी) एकत्र दाबून धरतात. जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी ही युक्ती १९०८ मध्ये सांगितली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेकदा १५-२० मिनिटं दाबून ५ मिनिटं सोडतात, असं आलटून पालटून. दुसरा प्रसंग प्रत्यारोपणाचा. त्यात यकृत काही तास थंड द्रावणात रक्ताविना असतं. तिसरा म्हणजे शॉक किंवा हृदय गळाठणं, जिथे कुणी काही दाबलेलं नसतं तरी रक्त पोचत नाही.

५. ऑक्सिजन परत मिळाला तर पेशी सावरायला हव्यात. उलट नुकसान वाढतं ते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो रास्त आहे. रक्त थांबलं की पेशीची ऊर्जा संपते, आतलं वातावरण आम्लधर्मी होतं, सोडियम आणि कॅल्शियम आत साचतं, मायटोकाँड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) ऊर्जा बनवण्याच्या वाटेवरचं सक्सिनेट तुंबतं. पेशी अर्धमेली असते, पण एका अर्थाने शांत असते. मग ऑक्सिजन एकदम येतो. मायटोकाँड्रियाची यंत्रणा बिघडलेली असल्यामुळे त्यातला काही ऑक्सिजन सुपरऑक्साइड या तापट रूपात बदलतो आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. आगीतून सुटून फुफाट्यात, तसं हे.

इथवरचं पेशीला झेपतं. पेरॉक्साइड निकामी करणारी विकरं तिच्याकडे असतात. पण जवळपास मोकळं फेरस लोह असेल तर ते पेरॉक्साइड फोडतं आणि हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडणारा कण, जन्माला येतं. याला आवर घालणारं विकर कोणत्याच पेशीकडे नाही. जिथे जन्मतं तिथेच ते चरबी, प्रथिन किंवा डीएनएला चावतं. हेन्री फेंटन यांनी लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी १८९४ मध्ये नोंदवली, तीही टार्टरिक आम्लावर प्रयोग करताना. तिचा सजीवांच्या पेशींशी संबंध लागेल हे त्यांच्या गावीही नसणार.

पहिल्या काही तासांत कुप्फर पेशी पेटतात, साधारण ६ तासांनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शिरतात आणि दाहाचा दुसरा अंक सुरू होतो.

६. हे मोकळं लोह येतं कुठून? रक्तातून आत शिरतं का?

थोडं शिरतही असेल, पण पहिल्या धक्क्यातलं लोह मुख्यतः पेशीचंच असतं. घरभेदी म्हणा.

निरोगी यकृतपेशीत बहुतेक लोह फेरिटिनमध्ये बंदिस्त असतं. २४ तुकड्यांचा हा पोकळ गोळा सुमारे ४,५०० लोह-अणू मावून घेतो. याखेरीज एक छोटा, सैलसर बांधलेला भाग रोजच्या कामासाठी फिरत असतो, त्याला अस्थिर लोहसाठा म्हणतात. रक्त थांबून परत येताना या अस्थिर साठ्यात भर पडते आणि ती तीन-चार वाटांनी पडते. सुपरऑक्साइड फेरिटिनमधलं लोह ओढून काढू शकतं. एनसीओए-४ हे प्रथिन फेरिटिनचे गोळे लायसोसोमकडे मोडायला नेतं. हीम (हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांतला लोह धरणारा भाग) मोडणारं हीम ऑक्सिजनेज-१ हे विकर तणावात वाढतं आणि प्रत्येक हीममागे एक लोह-अणू सुटा करतं. (हे विकर एरवी पेशीचं रक्षण करतं. सुटलेलं लोह लगेच फेरिटिनमध्ये गेलं तर भलं, नाहीतर तेच अंगलट येतं.)

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चौथी वाट. लायसोसोम म्हणजे पेशीतलं भंगारखातं. जुनी मायटोकाँड्रिया, फेरिटिन वगैरे तिथे मोडलं जातं, म्हणून तिथे मोकळं लोह भरपूर असतं. ऊर्जा संपली की लायसोसोम गळू लागतात आणि ते लोह पेशीद्रवात येतं. उंदरांच्या यकृतपेशींवरच्या प्रयोगांत पुढचा टप्पाही दिसला आहे. हे लोह कॅल्शियमसाठी असलेल्या मार्गिकेतून मायटोकाँड्रियात शिरतं, म्हणजे जिथे पेरॉक्साइड बनतंय नेमकं तिथेच. ती मार्गिका अडवली किंवा लोह बांधून टाकलं तर पेशी जास्त प्रमाणात वाचतात.

७. म्हणजे हेप्सिडिन वाढून लोह कोंडतं आणि त्यामुळे यकृत जळतं, असंच ना?

असं सरळ सूत्र बऱ्याच टिपणांत सापडतं, पण घड्याळ लावून पाहिलं तर ते जुळत नाही. प्रश्न ६ मधली गळती मिनिटांत सुरू होते. हेप्सिडिनला मात्र आधी जनुक चेतायला हवं, मग प्रथिन बनायला, रक्तात जायला, फेरोपोर्टिन मोडायला. यात तास जातात. निरोगी माणसांना इंटरल्युकिन-६ दिलं तेव्हाही हेप्सिडिन वाढून रक्तातलं लोह उतरायला काही तास लागले.

दुसरं गणित असं. रक्तद्रवात एका वेळी फक्त ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं आणि दिवसाला २० हून जास्त मिलिग्रॅम त्यातून ये-जा करतं. म्हणजे हा साठा तीन-चार तासांत बदलतो. हेप्सिडिनने दार लावलं की परिणाम याच वेगाने दिसणार.

म्हणून पहिल्या तासातलं नुकसान स्थानिक लोहाचं, आणि हेप्सिडिनचं राज्य त्यानंतरच्या काही दिवसांचं, असं मी मानतो. मात्र एक मेख आहे: आधीच्या कित्येक महिन्यांत हेप्सिडिन कसं होतं यावर त्या दिवशी यकृतात लोह किती साठलेलं असेल ते ठरतं. त्या अर्थाने संप्रेरकाचा हात पहिल्या तासातही असतोच, फक्त जुन्या तारखेचा.

८. एका लेखात हेप्सिडिन वाढतं म्हटलंय, दुसऱ्यात घटतं. खरं काय?

बहुधा दोन्ही खरं आहे, वेळ वेगळी आहे. रक्त पूर्ण थांबलेलं असताना नवं प्रथिन बनवायला ऊर्जाच नसते, त्यामुळे तेवढ्या वेळात फारसं काही घडत नाही. परत आलेल्या रक्ताबरोबर इंटरल्युकिन-६ चढतं आणि काही तासांत हेप्सिडिन वाढायला लागतं. पुढच्या दिवसांत रक्तस्राव झाला असेल, एरिथ्रोपॉयटिन चढलं असेल, तर एरिथ्रोफेरॉन त्याला खाली खेचतं. यकृताचा मोठा भाग काढला असेल किंवा पेशी मेल्या असतील तर हेप्सिडिन बनवणारेच हात कमी होतात.

तेव्हा लेख वाचताना आधी तीन गोष्टी शोधा: नमुना कितव्या तासाला घेतला, मोजलं ते यकृतातला आरएनए (जनुकाची कामापुरती नक्कल) की रक्तातलं प्रथिन, आणि दाह जास्त होता की रक्तक्षय. ऑक्सिजन घटल्याचा परिणाम यकृतपेशीवर थेट किती आणि एरिथ्रोपॉयटिनच्या वाटेने किती, यावर बरीच चर्चा झाली. वजन दुसऱ्या बाजूला जास्त पडतं.

९. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लावायचे का?

जपून. नेहमीच्या प्रयोगात उंदराच्या यकृताचा सुमारे ७० टक्के भाग दाबतात आणि उरलेल्या ३० टक्क्यांना रक्त मिळत राहतं. तो निरोगी भागही हेप्सिडिन सोडत असतो. म्हणजे रक्तातला आकडा पाहून दाबलेल्या भागाचं काय झालं ते कळत नाही. शिवाय उंदराकडे हेप्सिडिनची दोन जनुकं आहेत, माणसाकडे एक.

१०. फेरोप्टोसिस म्हणजे काय? नेहमीच्या पेशीमृत्यूपेक्षा वेगळं काय?

हे नाव २०१२ मध्ये स्कॉट डिक्सन, ब्रेंट स्टॉकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. यात पेशी नेहमीच्या पेशीमृत्यूसारखी ठरवून, घडी घालून मरत नाही. तिच्या आवरणातली चरबी लोहाच्या संगतीने खवट होत जाते आणि आवरण फाटतं. जीपीएक्स-४ हे विकर ती खवट चरबी दुरुस्त करत असतं. त्याला लागणारं ग्लुटाथायोन हे पेशीचं संरक्षक रसायन संपलं की पेशी उघडी पडते, आणि रक्त परत येताना नेमकं ग्लुटाथायोनच खर्ची पडतं.

उंदरांत फेरोप्टोसिस रोखणारं फेरोस्टॅटिन-१ दिल्यावर यकृताचं नुकसान घटलं, आधी लोह चढवल्यावर ते वाढलं. प्रत्यारोपणाच्या नोंदींतही दात्याचं फेरिटिन जास्त असताना नंतरची इजा जास्त दिसल्याचं आढळलं आहे. पण हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नव्हे. दात्याचं फेरिटिन वाढायला लोहाशिवायही कारणं असतात, ती पुढच्या उत्तरात.

११. शस्त्रक्रियेनंतर फेरिटिन हजारांत गेलंय. शरीरात लोह फार झालं का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. फेरिटिन दाहात आपोआप वाढतं, आणि यकृतपेशी फुटल्या की आतलं फेरिटिन सरळ रक्तात सांडतं. एएसटी, एएलटी ही यकृतातली विकरं रक्तात ज्या कारणाने चढतात त्याच कारणाने. लोह खरंच जास्त आहे का हे पाहायचं तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (ट्रान्सफेरिनचा किती टक्के भाग लोहाने भरला आहे) बघतात, ते साधारण २० ते ४५ टक्के असतं. पण ताज्या इजेत तेही फसवं. यकृतातलं लोह बाहेर पडून ते काही काळ चढू शकतं, आणि यकृत थकलेलं असेल तर ट्रान्सफेरिन कमी बनल्यामुळे टक्केवारी फुगते. म्हणून इजा निवल्यावर पुन्हा तपासणी, आणि तरीही शंका राहिली तर एमआरआयने यकृतातलं लोह मोजणं, असा क्रम असतो.

१२. फेरिटिन जास्त पण सीरम आयर्न कमी आणि हिमोग्लोबिनही कमी. मग लोहाच्या गोळ्या का देत नाहीत?

हे चित्र विसंगत नाही, हेप्सिडिन चढल्याचं आहे. साठा आहे, पण दार बंद. आतड्यातलं दारही तेच असल्यामुळे पोटातून दिलेलं लोह त्या दिवसांत फारसं शोषलं जात नाही. एरवीसुद्धा लोहाची एक गोळी घेतली की सुमारे २४ तास हेप्सिडिन चढलेलं राहतं. एक दिवसाआड गोळी देण्याची पद्धत त्यातूनच आली. शिरेतून लोह देण्याचा पर्याय असतो, पण ताज्या जखमी यकृताला, जंतुसंसर्ग असताना, ते द्यावं का आणि कधी, हा निर्णय नाजूक आहे.

१३. मग हेप्सिडिनचीच चाचणी करून घेऊ का?

रोजच्या उपचारात तिचा उपयोग थोडा. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, दिवस चढेल तसं हेप्सिडिन वाढतं, आणि ते मूत्रपिंडावाटे जात असल्याने मूत्रपिंड मंदावलं तरी वाढलेलं दिसतं.

१४. लोह बांधणारी औषधं आहेत ना? शस्त्रक्रियेआधीच डेफेरॉक्सामाइन का देत नाहीत?

प्राण्यांत ते उपयोगी पडलेलं आहे, म्हणून प्रश्न योग्यच. अडचणी अशा: हे औषध पेशीत, आणि त्यातही मायटोकाँड्रियापर्यंत, सावकाश पोचतं, तर लोह मिनिटांत सुटतं. शिरेतून झपाट्याने दिलं तर रक्तदाब कोसळतो. दीर्घकाळ जास्त मात्रेत कानावर आणि डोळ्यांवर परिणाम होतो. आणि ते मुळात स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूने लोह गोळा करण्यासाठी बनवलेलं रसायन आहे. म्युकरच्या बुरशीला आणि येर्सिनियासारख्या जंतूंना त्याने बांधलेलं लोह आयतं वापरता येतं. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली असते, तिथे हे चालत नाही.

१५. थंड द्रावणात ठेवलेलं यकृत सुरक्षित असायला हवं. तिथेही लोहाचा त्रास?

हो, आणि हे बहुतेकांना पटत नाही. थंडीत चयापचय मंदावतो, पेशी जास्त तास तग धरते, हे खरं. पण यकृतपेशी थंड केल्या की नुसत्या थंडीनेच त्यांच्यातलं सैल लोह वाढतं, ऑक्सिजन असतानासुद्धा. पुन्हा ऊब मिळाली की त्याचा हिशेब चुकता होतो. लोह बांधणारं रसायन आधी द्रावणातच घातलं तर पेशी वाचतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं, आणि त्यावरून असे घटक मिसळलेली साठवण द्रावणं तयार झाली. प्रश्न १४ मधली जोखीम इथे बरीच कमी होते, कारण औषध रुग्णाला नव्हे, अवयवाला मिळतं.

यंत्राने उबदार रक्त फिरवत ठेवण्याच्या नव्या पद्धतीत वेगळंच काम वाढतं. पंपातून फिरताना तांबड्या पेशी थोड्या फुटतात आणि मोकळं हिमोग्लोबिन तयार होतं. त्यातलं लोह निस्तरण्याचा भार पुन्हा कुप्फर पेशींवर.

१६. हेप्सिडिन टोचून इजा टाळता येईल का?

मूत्रपिंडाचं रक्त थांबवून सोडलेल्या उंदरांत हेप्सिडिन आधी दिल्यावर इजा कमी झाली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. यकृताचं तसंच होईल असं गृहीत धरता येत नाही. हेप्सिडिन रक्तातलं लोह उतरवतं, जंतूंची आणि मोकळ्या लोहाची रसद तोडतं, ही जमेची बाजू. पण ते लोह कोंडतं ते प्लीहेत आणि यकृताच्याच कुप्फर पेशींत. ज्या घराला आग लागली आहे त्याच घरात रॉकेल साठवल्यासारखं. कुप्फर पेशींनी ते लगेच फेरिटिनमध्ये बंद केलं तर नुकसान नाही, नाही केलं तर दाह वाढेल. मात्रा आणि वेळ यांवर सगळं अवलंबून. हेप्सिडिनची नक्कल करणारं रस्फर्टाइड माणसांत तपासलं गेलं आहे, पण तांबड्या पेशी अति वाढण्याच्या आजारात, यकृताच्या इजेसाठी नव्हे.

१७. यकृतात चरबी असेल, किंवा दारूचं, हेपॅटायटिस सी चं यकृत असेल तर?

दारू आणि हेपॅटायटिस सी दोन्ही हेप्सिडिन दाबतात, त्यामुळे वर्षानुवर्षं लोह जास्त शोषलं जाऊन यकृतात साचतं. चरबीच्या यकृतातही अनेकांत लोह थोडं वाढलेलं असतं, आणि खवट व्हायला चरबी तर हाताशीच असते. प्रश्न ७ मधली ‘जुन्या तारखेची’ गोष्ट ती हीच.

१८. यकृत बदललं तर हेप्सिडिन कुणाच्या जनुकाप्रमाणे चालतं?

दात्याच्या. हेप्सिडिन नव्या यकृतपेशी बनवतात आणि लोहाचा अंदाज घेणारी एचएफई, हीमोज्युव्हेलिन, ट्रान्सफेरिन रिसेप्टर-२ ही प्रथिनंही त्याच पेशींवर असतात. म्हणून एचएफई जनुकातल्या दोषामुळे हीमोक्रोमॅटोसिस (लोह साचत जाण्याचा आजार) झालेल्या माणसाला निरोगी दात्याचं यकृत मिळालं की त्याचं हेप्सिडिन सुधारतं आणि लोह पुन्हा साचत नाही, असं आढळलं आहे. रक्ताची जनुकीय चाचणी मात्र जुनाच दोष दाखवत राहील, ते पाहून घाबरू नये.

अपवाद फेरोपोर्टिनमध्येच दोष असलेल्यांचा. काहींचं फेरोपोर्टिन हेप्सिडिनला दाद देत नाही. त्यांना यकृत नवं मिळालं, हेप्सिडिन अगदी योग्य प्रमाणात आलं, तरी आतड्यातलं आणि प्लीहेतलं दार जुनंच राहतं आणि ते लागत नाही. अशा रुग्णांची लोहतपासणी प्रत्यारोपणानंतरही चालू ठेवावी लागते.